ओढीचा आकडा

चेऊलकर मॅडमच्या उन्हाळी शाळेत यंत्रं भारी भारी होती, पण खुर्च्या वाटायच्या त्या चिठ्ठ्या टाकूनच. स्टीलच्या डब्यात एकेचाळीस चिठ्ठ्या आणि समोर एकेचाळीस पोरं, सगळी पंधरा ते सतरा वयाची, तोरणमाळच्या गारव्यातही घामेजलेली. ज्या देशाची जी खुर्ची निघेल तिच्यात तीन आठवडे बसायचं, त्या खुर्चीच्या डोक्यानं विचार करायचा. कुणी अर्थमंत्री, कुणी लष्करप्रमुख, कुणी राजदूत. नियम एकच होता आणि मॅडम तो पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायच्या: आपल्या देशाची खुर्ची कुणालाही मिळणार नाही. आपली माणसं आपल्याला ठाऊकच असतात, तिथे शिकायचं काय? पोरं हसली, मॅडमही हसल्या. तीस वर्षं परराष्ट्र खात्यात काढलेली बाई, त्यातली अकरा पलीकडच्या देशात. तिचं बोलणं कोण खोडून काढणार?

जिनल पागधरेनं चिठ्ठी उघडली. पलीकडचा देश, सागरी सुरक्षा सचिव. म्हणजे समुद्रावरच्या न दिसणाऱ्या रेघेपलीकडे वाहवत गेलेल्या बोटी धरायच्या की नाही आणि धरलेले खलाशी कधी सोडायचे, हे ठरवणारा माणूस. जिनलचे पप्पा, विनेश पागधरे, चार वर्षं याच माणसाच्या कैदेत होते.

मॅडमना हे माहीत होतं. अर्जातच लिहिलं होतं ना पोरीनं. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि चिठ्ठी बदलून देऊ का म्हणून विचारलं. जिनलनं मान हलवली.

"नको मॅडम. मला त्या खुर्चीत बसून बघायचंय, तो काय विचार करतो ते."

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव प्रतिपक्ष. ते भविष्य सांगत नाही. हवामान खातं जसं हवा, वारा, तापमान मोजून उद्याच्या पावसाचा अंदाज बांधतं, तसं हे पलीकडच्या सरकारचा अंदाज बांधतं. त्यासाठी त्याला वीस वर्षांचे उघडे कागद भरवलेले: भाषणं, अंदाजपत्रकं, कोर्टाचे निकाल, बदल्यांचे हुकूम, कोणत्या दिवशी किती कैदी सुटले आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात काय घडलं होतं. त्यातून ते माणसांचा नाही, खुर्च्यांचा स्वभाव शिकलं. माणूस बदलतो, खुर्चीची भीती आणि खुर्चीचा लोभ सहसा बदलत नाहीत, हे त्यामागचं तत्त्व. तुम्ही विचारायचं, आम्ही अमुक केलं तर काय होईल? यंत्र तोच डाव दहा हजार वेळा खेळून बघतं आणि सांगतं, शंभरातल्या इतक्या वेळा असं होईल.

पलीकडेही असंच एक यंत्र होतं, आपल्यावर लक्ष ठेवणारं, आणि ही गोष्ट कुणी लपवतही नव्हतं. ते आपली वर्तमानपत्रं वाचे, समाजमाध्यमं वाचे, गावोगावच्या उघड्यावर पडलेल्या याद्या वाचे आणि प्रत्येक कैद्यापुढे एक आकडा मांडे: हा माणूस परत मिळावा म्हणून या लोकांचा जीव किती तुटतोय. आपल्या अभ्यासकांनी त्या आकड्याला नाव दिलं होतं, ओढ. शून्य ते शंभर. ओढ जेवढी जास्त, तेवढा कैदी उपयोगाचा. ज्याच्यासाठी कुणी रडत नाही तो नुसता खाणारं तोंड, त्याला पुढच्या यादीत घालून मोकळं व्हायचं.

दुसऱ्या आठवड्यात हा धडा झाला तेव्हा वर्गातल्या पोरांनी नीट टिपणं काढली. जिनलचा हात मात्र वहीवरच राहिला.

कारण तिला तिचा कप आठवला. आठवीत असताना जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ती बोलली होती. 'माझे पप्पा आणि समुद्रावरची रेघ.' सात मिनिटं. परीक्षक रडले, सभागृह उभं राहिलं, पहिला नंबर. कुणीतरी ते भाषण मोबाइलवर घेतलं होतं, ते महिन्याभरात चाळीस लाख लोकांनी पाहिलं. कप देवांच्या फळीवर ठेवलेला, आई रोज त्याला फुलं वाहायची. त्याच जूनमध्ये पप्पांच्या बोटीवरचे बाकीचे सहाही खलाशी सुटून आले. एकटे पप्पा राहिले. का राहिले, हे कुणालाच कळलं नव्हतं. त्यांच्यातला तांडेल, बोटीचा म्होरक्या, म्हणाला होता, पोरी, यादीत त्याचंही नाव होतं गं, आदल्या दिवशी खोडलं.

सरावाचा तास दुपारी दोनला असे. खऱ्या माणसाचं नाव यंत्रात घालायचं नाही, असा नियम होता. जिनलनं घातलं. पलीकडच्यांच्या हिशेबात पप्पांची ओढ किती असेल, त्याचा आलेख यंत्रानं काढून दिला. दोन-अडीच वर्षं मागे आकडा अकरा, तिथून एका आठवड्यात अठ्ठ्याऐंशी. तारीख बघायची गरज नव्हती, तरी तिनं बघितली. स्पर्धेचा दुसरा दिवस होता.

मीच अडकवलं त्यांना. तिच्या मनात एवढं एकच वाक्य होतं आणि ते थांबेना. शेजारच्या खुर्चीतला अर्थमंत्री, म्हणजे नागपूरचा एक पोरगा, तिला पाणी हवंय का म्हणून विचारत होता, ते तिला ऐकूच आलं नाही.

मग ती वेड्यासारखी प्रश्न विचारत सुटली. आम्ही गप्प बसलो तर? सुटकेची शक्यता शंभरात एकोणीस. मोर्चा काढला तर? शंभरात चार. मंत्र्यांना भेटलो तर? सहा. गाव त्यांना विसरलं तर? यंत्रानं विचारलं, विसरलं हे कशावरून दिसेल? जिनल थबकली. मग तिनं एकेक करून लिहिलं. मतदार यादीतून नाव कमी. रेशनकार्डावरून नाव कमी, कारण मयत. दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म. नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स. आईच्या कपाळावर कुंकू नाही. दहा हजार डाव खेळायला यंत्राला चार सेकंद लागले.

शंभरात त्र्याऐंशी. आठ महिन्यांच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेऊलकर मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. यंत्रातल्या सगळ्या प्रश्नांची नोंद राहते, हे पोरं विसरतात. मॅडम रागावतील, घरी पाठवतील असं जिनलला वाटलं होतं. मॅडमनी नुसता चहा पुढे केला.

"खोटं आहे का ते, मॅडम?"

"पलीकडच्यांबद्दल प्रतिपक्ष खोटं बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी अकरा वर्षं त्या खुर्च्यांसमोर बसलेय. त्र्याऐंशी म्हणजे त्र्याऐंशी. पण तू हे करावंस असं मी सांगणार नाही, आणि करू नकोस असं सांगायची माझी छाती नाही. तुझ्या आईला विचार."

तरपाडा हे डहाणूच्या वर, समुद्राला अगदी चिकटून असलेलं साठ-सत्तर घरांचं गाव. जिनल घरी पोचली तेव्हा आई, भाविका, ओट्यावर बोंबील उलटेपालटे करत होती. शाळेत काय शिकलीस म्हणून तिनं हौसेनं विचारलं. जिनलनं सगळं सांगितलं, कपाचंही सांगितलं. भाविका उठली, घरात गेली, देवांच्या फळीवरचा कप काढला आणि पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली घातला. परत येऊन बोंबलांशी बसली. पोरीला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं जिनलला वाटलं.

तीन दिवस घरात अन्न गोड लागलं नाही. भाविकाचं म्हणणं एकच: जित्या नवऱ्याचं कुंकू मी कशी पुसू? आणि जिनलचं म्हणणं एकच: कुंकू ठेवलंस तर तो तिथेच मरेल. चौथ्या दिवशी भाविका न्हाऊन आली आणि म्हणाली, बोलाव भटजींना.

भटजींना खरं सांगितलं नाही, देवाला सांगितलं असेल तर ते भाविकालाच ठाऊक. भरतीच्या रेषेच्या वर, वाळूत दर्भाचा पुतळा मांडला, त्याला पप्पांचा निळा शर्ट घातला. अग्नी जिनलनंच दिला. गावातल्या म्हाताऱ्या बायका भाविकाच्या बांगड्या वाढवायला आल्या. भाविका ताठ बसली होती. शेवटची बांगडी फुटली तेव्हा ती इतकंच म्हणाली, हिरव्याच होत्या ओ, त्यांनीच आणलेल्या. मग जे रडू फुटलं ते काही नाटकाचं नव्हतं.

नाक्यावर फ्लेक्स लागला. पप्पांचा लग्नातला फोटो, भोवती फुलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मजकूर जिनलनं स्वतः लिहून दिला होता. ग्रामसेवक भोये भाऊसाहेब भला माणूस. रेशनकार्ड आणि मतदार यादीचे अर्ज पुढे आले तसे ते घोटाळले, म्हणाले, नाव चढवायला जन्म जातो बाई, उतरवायला मिनिट लागतं, विचार केलाय ना? पण गावानं पंचायतीत ठराव केला होता, वर पंचवीस सह्या होत्या. त्यांनी नाव उतरवलं.

आणि मग जिनलनं देवळात सगळ्या गावाला बसवून समजावलं. यंत्र कसं असतं, ते कसं कान लावून असतं. तिला बोलायला येत होतंच. या खेपेला तिनं कुणाला रडवलं नाही, नीट एकेक गोष्ट पढवली. पलीकडच्यांची माणसं आपल्यात फिरत असतील. ती फोन करतील, मासळी घ्यायला येतील, सरकारी माणूस बनूनही येतील. "कुणीही विचारलं तरी एकच सांगायचं," ती म्हणाली. "विनेश पागधरे गेला. खाकीत येऊ दे नाहीतर देवाच्या वेषात येऊ दे." म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्यांनी देवीपुढच्या नारळावर हात ठेवले. तरपाड्याचं एक आहे, शब्द दिला की दिला.

पावसाळा गेला. जुलैच्या यादीत नाव नव्हतं, ते असणारही नव्हतं. जिनल अकरावीला तालुक्याला जाऊ लागली. वर्गात कुणी वडिलांचं विचारलं की गेले म्हणून सांगायची आणि मग घरी येईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. गावात आता कुणी पप्पांचं नाव घेत नव्हतं. आधी ठरवून घेत नव्हते, मग सवयीनं घेईनासे झाले. हे बघून तिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. खोटं खोटं विसरता विसरता लोक खरंच विसरले तर? तिलाच पप्पांचा आवाज आठवायला हल्ली वेळ लागत होता.

दिवाळीच्या सुट्टीत एक हवालदार मोटारसायकलवरून आला. हातात टॅबलेट. पहिल्या घरात विचारलं, विनेश पागधरेला ओळखता का? गेला तो, चांगला होता बिचारा. दुसऱ्या घरात तेच, मच्छीमार सोसायटीत तेच, अंगणात लगोरी खेळणाऱ्या पोरांनीही तेच सांगितलं. शेवटी तो भाविकाच्या दारात आला. जिनल आईच्या बाजूला उभी राहिली. हवालदारानं टॅबलेट पुढे धरला.

त्यावर पप्पा होते. गाल बसलेले, दाढी पांढरी झालेली, पण डोळे तेच. चार वर्षांनी दोघी त्यांना बघत होत्या. जिनलनं आईचा हात घट्ट धरला.

"माझा नवरा मेला," भाविका म्हणाली. "हा कोण, मला नाही माहीत."

हवालदारानं दोनदा विचारलं. दोनदा तिनं तेच सांगितलं. तो गेल्यावर ती मागच्या परसात गेली आणि माडाला धरून उभी राहिली. जिनल तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला आईचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. बघ, ती म्हणाली, त्यांनी माणूस पाठवला म्हणजे यंत्र हललंय. आता होईल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चेऊलकर मॅडमचा फोन आला. जिनल एसटीच्या थांब्यावर होती. मॅडमचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

पलीकडच्यांनी ऑक्टोबरमध्येच पप्पांना सोडायचं ठरवलं होतं, मॅडमनी सांगितलं. ओढीचा आकडा दोनवर आला होता. प्रतिपक्ष अगदी बरोबर ठरलं होतं. नाव यादीत घालून त्यांनी आपल्याकडे पाठवलं. पण आपल्याकडे दोन वर्षांपूर्वी एक नवा नियम झालाय. एकदा भलताच माणूस परत आला होता, तेव्हापासून. सोडण्याआधी आपल्या पोलिसांनी गावात जाऊन खात्री करायची की हा माणूस इथलाच, जिवंत, आणि घरचे ओळखतात. तीस दिवसांत उत्तर.

"तो हवालदार आपला होता, जिनल. उत्तर गेलंय, सदर इसम मयत आहे, ताब्यातली व्यक्ती ही नव्हे. आपणच नको म्हणून कळवलं."

एसटी आली, थांबली, गेली. जिनल चढली नाही. तिनं विचारलं, तुम्हाला नियम माहीत नव्हता का? मॅडम म्हणाल्या, मी निवृत्त झाल्यानंतरचा आहे. मग म्हणाल्या, माहीत करून घ्यायला हवा होता. तू सगळे प्रश्न पलीकडच्यांबद्दल विचारलेस आणि मी ते तपासले. आपली खुर्ची काय करेल, हे तूही विचारलं नाहीस, मीही नाही. आपल्या खुर्च्यांचं यंत्र आपल्याकडे कुणी बनवलेलंच नाही.

घरी येऊन आईला सांगणं हे जिनलनं आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम. भाविकानं ऐकून घेतलं. तिच्या तोंडून एवढंच आलं, "मी बघितलं ना गं त्यांच्याकडं. आणि म्हटलं, कोण हा."

मग सुरू झाल्या कचेऱ्या. खरं सांगायचं तर आता सगळेच खरं सांगत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं. भोये भाऊसाहेबांनी हात टेकले. मयत नाव परत चढवायचं तर तो इसम स्वतः हजर राहायला हवा, बोटांचे ठसे द्यायला. आणि तो हजर व्हायचा तर नाव हवं. तालुक्याला साहेबांनी फ्लेक्सचा फोटो दाखवला, क्रियाकर्माचा दाखवला, ठरावावरच्या पंचवीस सह्या दाखवल्या. आधी खोटं बोललात की आता बोलताय, ते तरी ठरवा बाई, म्हणाले. अर्ज वर जाईल, चौकशी लागेल. किती दिवस? त्यांनी खांदे उडवले. चेऊलकर मॅडम दिल्लीला जाऊन आल्या. त्यांनाही चौकशी लागेल असंच सांगितलं.

जानेवारीत पत्र आलं. कैद्यांना वर्षातून दोनदा पत्र लिहू देतात. ते दोन्हीकडे उघडलं जातं, वाचलं जातं, यंत्रात घातलं जातं. पप्पांची पत्रं नेहमी आईच्या नावानं यायची. या खेपेला पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, तरपाडा गावात जो कोणी असेल त्यास. जिनलनं ते आईला वाचून दाखवलं.

'नमस्कार. मी विनेश पागधरे, देवळामागच्या दुसऱ्या घरातला. इथल्या साहेबांनी सांगितलं की मला सोडणार होते, पण गावात जाऊन विचारलं तर सगळे म्हणाले, असा माणूस मेला. माझा फोटो दाखवला तरी बायकोनं ओळखलं नाही. मी साहेबांना म्हटलं, असं होणारच नाही. माझी माणसं असं बोलणार नाहीत. मग माझ्या ध्यानात आलं. गेल्या वर्षी तिकडे मोठं वादळ झालं, असं इथे ऐकलं होतं. समुद्र आत शिरला असणार. आमच्यातलं कुणी उरलं नसणार आणि आता तिथे नवीन लोक येऊन राहिले असतील, ती बाई दुसरी कुणी असेल. तुमचा काही दोष नाही, तुम्ही मला कसं ओळखणार? पण तुम्ही जे कोणी असाल, एवढं कळवा. पागधऱ्यांची एक पोरगी होती, चांगलं बोलायची. ती वाचली का?'

जिनलला पुढचं वाचवेना. पुढे काही नव्हतंही.

 उत्तर तर लिहायला हवं, पण त्याचा अर्थ काय होतो हे जिनलला ठाऊक होतं. पत्र पलीकडे उघडलं जाणार. एक शब्द मायेचा गेला की आकडा चढणार. इकडची चौकशी कधीतरी संपेलही, पण तोवर पलीकडच्या खुर्चीला पुन्हा हाव सुटेल. आणि उत्तर नाही लिहिलं तर आकडा दोनवर राहील आणि पप्पा आमचे दिवस घालतील तिकडे. तिनं आईला हे सगळं सांगितलं. मॅडमना फोन करते, म्हणाली, प्रतिपक्षात घालून बघू, किती शब्द लिहिले तर किती—

"पुरे," भाविका म्हणाली.

ती उठली. शेजारच्या दारात जाऊन तिनं काचेच्या चार बांगड्या मागून आणल्या आणि हातात चढवल्या. कपाळाला बोट टेकवून कुंकू लावलं, आरशात न बघता, म्हणून ते थोडं तिरकं लागलं. नाक्यावरचा फ्लेक्स काढायला तिनं दोन बाप्ये पाठवले. मग जिनलपुढे येऊन बसली.

"लिही. मोठ्या अक्षरात लिही. ज्याला वाचायचंय त्याला वाचू दे, मोजायचंय त्याला मोजू दे. माझा माणूस तिकडे मला मेली समजून जेवत नसेल."

बातमी गावात गेली तशी माणसं येऊ लागली. जो तो म्हणाला, माझंही नाव घाल. हवालदाराला ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं ते सगळे आले, लगोरी खेळणारी पोरंही आली. तांडेल आला, त्यानं आपली नवी बोट चालू असल्याचं लिहायला लावलं. भोये भाऊसाहेबांनी सही केली आणि हुद्दाही लिहिला, जाणार असेल नोकरी तर जाऊ दे म्हणाले. चौथा कागद भरला तेव्हा दोनशे सोळा नावं झाली होती. जिनलनं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं आणि त्यापुढे, ती वाचली, पप्पा, तिचंच चुकलं.

पाकीट चिकटवण्याआधी भाविकानं पत्र मागून घेतलं. तिला लिहायची सवय नव्हती. पहिल्या पानावर वरती थोडी जागा उरली होती, तिथे तिनं पेन दाबून दाबून लिहिलं.

'वादळ नाही झालं. आम्ही सगळे वाचलोय. तुम्हीच तेवढे राहिलात.'